मोठ्यांना ‘थांबा’ म्हणायचं कसं

(दहावी १९९५च्या बॅचच्या तीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला ‘संगणक क्षेत्रातील बदलते प्रवाह’ असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. त्या विषयावर तुमची मुलं माझ्यापेक्षा चांगलं बोलतील, आणि त्यांनी पाठवलेले व्हिडिओ तुम्ही सगळे बघताच. मला बोलायचंय ते एका साध्या गोष्टीवर. ऑफिसात आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला, त्याला नको असलेली गोष्ट, वेळेवर आणि त्याला कळेल अशी कशी सांगायची?

माझ्या कामाबद्दल सर्वसाधारण समज असा, की दिवसभर स्क्रीनकडे बघत बसायचं, कुणाशी बोलायला लागत नाही. मीही याच समजुतीने सांगलीला इंजिनीअरिंगला गेले. बारावीला मार्क बरे होते आणि बोलायची भीती होती, तेव्हा कॉम्प्युटर बरा, असा माझा हिशोब. चार वर्षांत आम्हाला पुष्कळ शिकवलं. ‘कम्युनिकेशन स्किल्स’ नावाचा एक पेपरही होता. त्यात रजेचा अर्ज कसा लिहावा आणि मुलाखतीला कसं बसावं, एवढं होतं. आता नोकरीला चोवीस वर्षं झाली. मागे वळून बघते तर ज्या प्रसंगांनी माझी झोप उडवली, त्यातले प्रोग्राममधले फार थोडे. बाकी सगळे दोन माणसांमधल्या बोलण्याचे.

आपल्याकडे एक अडचण आधीपासून आहे. मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये, हे आपण घरातून शिकून शाळेत आलो आणि शाळेत ते पक्कं झालं. समोर बाई बसल्यात, त्या हसतायत. बाई, मी तक्रार करत नाहीये. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळायचा तर शिस्त पाहिजेच. पण मोठ्यांचा मान ठेवणं आणि मोठ्यांपासून बातमी लपवणं या दोन गोष्टींतला फरक आपल्याला कुणी वेगळा काढून दाखवला नाही. मग आपण मधला मार्ग शोधतो. गोष्ट सांगतो, पण ती ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगतो.

माझ्या ऑफिसातली भाषा ऐका. ‘जरा डाउट आहे.’ ‘थोडंसं बघून घेतलं तर बरं.’ ‘तसं काही विशेष नाही, पण.’ ‘होऊन जाईल बहुतेक.’ मराठी माणूस ‘होऊन जाईल बहुतेक’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘होणार नाही’ असा असतो, हे तुम्हाला-मला कळतं. बाजारात, लग्नघरात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना कळतं. पण तेच वाक्य इंग्रजीत करून आपण परदेशातल्या क्लायंटला सांगतो, आणि तो बिचारा वहीत लिहून घेतो की होणार आहे.

आमच्याकडे दर आठवड्याला स्टेटस रिपोर्ट जातो. त्यात प्रत्येक कामापुढे रंग भरायचा असतो. सुरळीत असेल तर हिरवा, काळजीचं असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. सगळ्यात खाली काम करणाऱ्या मुलाने लाल भरलेला असतो. त्याचा लीड तो पिवळा करतो, कारण ‘दोन दिवसांत निस्तरू’. मॅनेजर त्याचा हिरवा करतो, कारण पिवळा दिसला की वरून फोन येतो. अशा रिपोर्टला आमच्या धंद्यात कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवं, आतून लाल. यात कुणी धडधडीत खोटं बोललेलं नसतं. प्रत्येकाने आपापल्या पायरीवर थोडं मऊ केलेलं असतं.

आता एक प्रसंग सांगते. कंपनीचं, क्लायंटचं नाव सांगणार नाही.

२०१३ साल. युरोपातल्या एका मोठ्या विमा कंपनीचं पेन्शनचं काम पुण्यात आमच्याकडे होतं. जुनी यंत्रणा बंद करून नवी सुरू करायची होती. सुमारे तीन लाख लोकांच्या नोंदी जुन्यातून नव्यात न्यायच्या. शुक्रवारी संध्याकाळी जुनं बंद, सोमवारी सकाळी नवं चालू. मी त्या कामाची टेक्निकल लीड होते. बुधवारी शेवटची मीटिंग भरली. सगळ्या खान्यांत हिरवा रंग. नोंदींची संख्या जुळली होती, रकमांच्या बेरजा जुळल्या होत्या.

आमच्यात टेस्टिंग करणारी एक मुलगी होती. नोकरीला दोन वर्षं झालेली. कोपऱ्यात बसायची. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “दोन-तीन केसेसमध्ये जरा मिसमॅच वाटतोय सर. बहुतेक स्कॅनचा प्रॉब्लेम असेल. पण एकदा बघून घेतलं तर बरं.” मॅनेजर म्हणाले, “ठीक आहे, घे बघून,” आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. यात मॅनेजरांनी काय चुकीचं केलं? तिने म्हटलं बघून घेऊ, ते म्हणाले घे बघून.

मला खटकलं ते ‘बहुतेक’. ती मुलगी मोजून बोलणारी होती. चहाच्या मशिनपाशी तिला गाठलं आणि विचारलं, “तुला खरंच स्कॅनचा प्रॉब्लेम वाटतोय?”

“नाही मॅडम.”

“मग काय वाटतंय?”

“तारखा उलट्या झाल्यात.”

मशिनने दिलेल्या ‘सगळं जुळलं’वर तिचा विश्वास बसला नव्हता. कुणी सांगितलेलं नसताना तिने चाळीस लोकांचे मूळ कागदी अर्ज स्कॅनमधून काढून एकेक डोळ्यांनी तपासले होते. त्यातल्या तिघांची जन्मतारीख वेगळी. २ सप्टेंबरला जन्मलेला माणूस नव्या यंत्रणेत ९ फेब्रुवारीला जन्मला होता.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की पुढचं कळेल. आपण आणि युरोपातले लोक आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. त्या क्लायंटकडे नोंदी तीन जुन्या ठिकाणांहून येत होत्या, आणि त्यातल्या एका ठिकाणचं साधन अमेरिकी पद्धतीवर लावलेलं होतं. १३ किंवा त्यापुढची तारीख असेल तर मशिन लगेच ओरडतं, कारण तेरावा महिना नसतो. तशा नोंदी दोन महिन्यांपूर्वीच ‘खराब डेटा’ म्हणून बाजूला काढून दुसऱ्या एका टीमने हाताने दुरुस्त करून टाकल्या होत्या. त्यामुळे आजाराचं जे एक लक्षण दिसत होतं तेही गेलं. पण बारापर्यंतची तारीख असेल तर उलटी होऊनही ती खरीच दिसते. वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी १३२ दिवस असे आहेत. १ जून हा त्यातलाच. आपल्या वर्गाच्या पटावर १ जूनला जन्मलेले किती होते आठवतंय ना? शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लावलेली. आपला वर्ग त्या मशिनमधून गेला असता तर ते सगळे ६ जानेवारीला जन्मले असते.

हसण्यासारखं आहे, पण पेन्शनमध्ये जन्मतारीख म्हणजे सगळं. पासष्ट वर्षांचा एखादा माणूस निवृत्त होणार, पगार थांबणार, आणि त्याचं पेन्शन पाच-सात महिने उशिरा सुरू होणार, कारण यंत्रणेच्या मते तो अजून लहान आहे. मी कागदावर हिशोब केला. त्या एका ठिकाणच्या नोंदी अडतीस हजार. त्यातल्या शंभरातल्या छत्तीस तारखा उलट्या होऊ शकणाऱ्या. म्हणजे साडेतेरा ते चौदा हजार माणसं.

बुधवारची दुपार. हातात दोन दिवस.

मॅनेजर वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, मराठीच. आमच्याकडे सगळ्यांना नावाने हाक मारायची पद्धत आहे. परदेशी कंपन्यांकडून आलेली. त्यामुळे वाटतं की वर-खाली काही राहिलं नाही. पण आम्ही मराठीत बोलायला लागलो की ते मला ‘तू’ म्हणायचे आणि मी त्यांना ‘तुम्ही’. नाव घेऊन ‘तुम्ही’ म्हणायचं, असा तो विचित्र प्रकार. आणि त्या ‘तुम्ही’ला ‘थांबा’ म्हणणं मला जड जात होतं.

मी जागेवर बसून एका कागदाच्या मागे तीन वाक्यं लिहिली. पहिलं, काय दिसलं: चाळीस अर्ज तपासले, तीन जन्मतारखा उलट्या आहेत. दुसरं, त्याने काय होईल: हे सगळीकडे असेल तर सुमारे चौदा हजार लोकांचं पेन्शन चुकीच्या महिन्यात सुरू होईल. तिसरं, मला काय हवंय: या शुक्रवारचं काम पुढे ढकलावं असं माझं मत आहे, आणि क्लायंटला ते उद्या दुपारपर्यंत सांगायला हवं. मग पेन घेऊन त्यातले ‘जरा’, ‘बहुतेक’, ‘मला आपलं वाटतं’ खोडले. पहिल्या खर्ड्यात असे पाच शब्द होते. एक ‘सुमारे’ ठेवला, कारण तो खरा होता. एवढं लिहायला मला अर्धा तास लागला, आणि सबंध कामातला तो अर्धा तास सगळ्यात उपयोगी पडला.

मी मीटिंग बोलावली नाही. चार लोकांसमोर सांगितलं असतं तर त्यांना चार लोकांसमोर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि एकदा दिलेलं उत्तर माणूस सहसा मागे घेत नाही. मी त्यांच्या केबिनमध्ये एकटी गेले, दार लावलं, आणि हवापाण्याच्या गप्पा न करता तीन वाक्यं सांगितली. कागद हातात होता, तो थरथरत होता, हे मला दिसत होतं.

ते म्हणाले, “आत्ता? बुधवारी सांगतेयस तू हे?”

मी म्हटलं, “आज दुपारी कळलं.” आणि गप्प बसले.

हे गप्प बसणं कठीण आहे बरं का. समोरचा चिडला की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात. एक तर आपलं म्हणणं आणखी मोठ्याने सांगायचं, नाहीतर ‘तसं फार मोठं नाही’ म्हणून मागे यायचं. मी दोन्ही केलं नाही, यात शहाणपणापेक्षा घसा कोरडा पडला होता हे कारण जास्त. पण मी गप्प राहिले म्हणून ते बोलत गेले. दहा मिनिटं बोलले. त्यात मला जे माहीतच नव्हतं ते कळलं. हीच तारीख आधी एकदा पुढे गेली होती. क्लायंटकडच्या मुख्य बाईंनी तेव्हा स्वच्छ सांगितलं होतं की पुन्हा चालणार नाही. उशिरापोटी दर आठवड्याला दंड होता. आणि ह्यांची बढती त्या सोमवारवर अडकलेली होती.

म्हणजे तारखा उलट्या आहेत की नाहीत, यावर आमचा वाद नव्हताच. चाळिसातले तीन अर्ज बघितल्यावर त्यांनाही ते लगेच पटलं होतं. त्यांना पुढचा फोन भीतीचा वाटत होता. हे कळल्यावर मी म्हटलं, “क्लायंटला मी सांगते. तुम्ही शेजारी बसा. आकडा मी सांगते, नवी तारीख तुम्ही सांगा.” इथे त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

गुरुवारी कॉल झाला. त्याआधी आमचं पुन्हा थोडं वाजलं. त्यांना सुरुवात ‘डेटाबद्दल काही किरकोळ निरीक्षणं’ अशी करायची होती. मी म्हटलं, किरकोळ म्हटल्यावर ते ऐकणार नाहीत, आणि नंतर चौदा हजार म्हटलं तर आपण लपवत होतो असं वाटेल. आकडा पहिल्या वाक्यात गेला. पलीकडे शांतता. मला वाटलं लाइन कट झाली. मग त्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले: हे कुणाच्या लक्षात आलं, आणि नक्की मोजणी कधी मिळेल? पहिल्या प्रश्नाला मी त्या टेस्टिंगवाल्या मुलीचं नाव सांगितलं. ती खोलीत होती. तिला मी मुद्दाम बसवलं होतं.

काम तीन आठवडे पुढे गेलं. मोजणी झाली तेव्हा आकडा कागदावरच्या हिशोबाच्या अगदी जवळचा निघाला.

याचा शेवट गोड करून सांगता आला असता. पण दंड भरावा लागला. वरच्या ऑफिसातून कडक पत्र आलं. मॅनेजर माझ्याशी दीड-दोन महिने कामापुरतंच बोलले, आणि त्या वर्षी माझ्या कामाचा शेरा ‘साधारण’ असा पडला. पगारवाढीवर त्याचा परिणाम झाला. घरी नवऱ्याने विचारलं की एवढं करून मिळालं काय? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या चौदा हजारांपैकी एकालाही कधी कळणार नाही की त्याचं पेन्शन चुकणार होतं. न झालेल्या नुकसानाची पावती मिळत नाही.

नंतर मला उत्सुकता लागली की बाकीच्या धंद्यांत लोक हे कसं करतात. वाचायला लागले तेव्हा कळलं, की विमानवाल्यांनी या एका गोष्टीसाठी फार मोठी किंमत मोजली आहे.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या ताब्यातलं टेनेरीफ बेट. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे तिकडची विमानं या छोट्या विमानतळावर वळवलेली. दाट धुकं. एकाच धावपट्टीवर दोन जंबो जेट, एक डच केएलएमचं आणि एक अमेरिकी पॅन ॲमचं. केएलएमचा कॅप्टन म्हणजे कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ माणूस, बाकीच्या वैमानिकांना जंबो शिकवणारा. उशीर झालेला. त्याने परवानगी मिळण्याआधीच विमान पळवायला सुरुवात केली. त्याच्या मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनीअरला रेडिओवरच्या बोलण्यावरून शंका आली आणि त्याने विचारलं, ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला, झालंय. इंजिनीअरने पुन्हा विचारलं नाही. काही सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. विमान अपघातांत आजवर यापेक्षा मोठा अपघात झालेला नाही.

त्या इंजिनीअरला दिसलं होतं. तो बोललाही होता. फक्त त्याने ते प्रश्न म्हणून विचारलं, आणि प्रश्नाला उत्तर मिळाल्यावर तो थांबला. हे वाचल्यावर मला आमच्या कोपऱ्यात बसलेली मुलगी दिसली. ‘एकदा बघून घेतलं तर बरं.’ ‘घे बघून.’

अपघाताची कारणं इतरही होती. धुकं होतं, रेडिओवर एकाच वेळी दोघं बोलल्याने शब्द बुडाले. पण असे अपघात आणखीही झाले, आणि १९७९ साली नासाने या विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली. १९८१मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना याचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. आज जगभर ते शिकवतात. धाकट्याने थोरल्याला कसं सांगायचं याचा क्रमच आहे. आधी त्याला नावाने किंवा हुद्द्याने हाक मारून लक्ष वेधायचं. मग मला काळजी वाटते असं म्हणायचं. मग काय दिसतंय ते सांगायचं. मग काय करावं ते सुचवायचं. आणि शेवटी ‘मान्य आहे का?’ असं विचारून उत्तर घ्यायचं. हे पाठ करून घेतात, आपण पाढे पाठ केले तसे. कारण ऐन वेळी सुचत नाही, पाठ असलेलं तेवढं तोंडातून निघतं.

मला यातली शेवटची पायरी सगळ्यात आवडते. आपण सांगून मोकळे होतो. ‘मी मेल टाकला होता’ हे तर आमच्याकडचं राष्ट्रीय वाक्य आहे. मेल टाकला म्हणजे माझी जबाबदारी संपली, तुझी सुरू. पण समोरच्याच्या डोक्यात ते पोचलं की नाही, हे त्याच्या तोंडून आल्याशिवाय कळत नाही.

आता दुसरी बाजू. सांगणाऱ्याने कितीही नीट सांगितलं तरी ऐकणारा नसेल तर? २७ जानेवारी १९८६च्या संध्याकाळी अमेरिकेत असंच झालं. आपण तेव्हा पहिलीत होतो. चॅलेंजर हे अंतराळयान दुसऱ्या दिवशी उडणार होतं आणि थंडी कडाक्याची पडणार होती. त्याचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनीअरांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं, की इतक्या थंडीत जोडातल्या रबरी कड्या नीट काम करणार नाहीत, उड्डाण करू नका. रॉजर बॉइसजॉली त्यातला एक. हे लोक गुळमुळीत बोलले नव्हते. नासाच्या माणसांनी नाराजी दाखवली, कंपनीच्या वरिष्ठांनी थोडा वेळ मागून आपापसात चर्चा केली, आणि परत येऊन इंजिनीअरांचा सल्ला फिरवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं. सात जण गेले. त्यात ख्रिस्टा मॅकऑलिफ नावाची एक शाळेतली शिक्षिका होती.

म्हणून गेली काही वर्षं मी बोलण्यापेक्षा ऐकण्याकडे जास्त लक्ष देते. आता माझ्या हाताखाली तीसेक मुलं आहेत आणि वाईट बातमी माझ्याकडे यायची असते. यात माझे गुरू समोर बसलेत. सर, तुम्हाला आठवत नसेल. नववीत तुम्ही फळ्यावर एक समीकरण सोडवत होता आणि मधल्या बाकावरून आपल्यातलाच एक जण म्हणाला, “सर, तिथे वजा पाहिजे.” वर्ग चिडीचूप. तुम्ही वळून फळ्याकडे पाहिलंत, खडू त्याच्यापुढे धरलात आणि म्हणालात, “ये. कुठल्या ओळीपासून चुकलं ते दाखव.” ‘शाबास’ म्हणाला नाहीत, रागावलाही नाहीत. पुढचं वर्षभर तुमच्या फळ्याकडे सगळा वर्ग डोळ्यांत तेल घालून बघत होता.

माझ्याकडे कुणी येऊन काही बिघडलंय म्हणून सांगतं, तेव्हा मी तेच करायचा प्रयत्न करते. पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ असा येऊ द्यायचा नाही. ‘कुठून सुरू झालं, दाखव,’ असं म्हणायचं. चेहऱ्यावर काय दिसतं ते मात्र माझ्या हातात नाही. माझी मुलगी म्हणते की मला राग आला की माझ्या भुवया आधी सांगतात. ऑफिसातल्या मुलांनाही ते कळत असणार.

अजून एका प्रकारच्या बोलण्याबद्दल सांगते आणि थांबते. मागच्या काही वर्षांत आमच्या क्षेत्रात कामावरून कमी करणं पुष्कळ झालंय. मला ते काही जणांना सांगावं लागलं. त्यातले एक गृहस्थ माझ्यापेक्षा वयाने मोठे, घराचा हप्ता चालू, मुलगा बारावीला. अशा वेळी आपण आधी चहा मागवतो. घरचे कसे आहेत विचारतो. तुमचं काम फार चांगलं होतं, असं म्हणतो. तो माणूस तोवर बढतीच्या आशेवर जातो, नाहीतर त्याला सगळं कळलेलं असतं आणि आपलं नाटक तो बघत बसतो. मी त्यांना दार लावल्यावर पहिल्याच वाक्यात सांगितलं. “तुमची जागा कमी केली आहे, शेवटचा दिवस ३१ तारीख. हा निर्णय बदलणार नाही.” मग पाण्याचा ग्लास पुढे ठेवला आणि बसून राहिले. ते खूप वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. मग त्यांनी विमा कधीपर्यंत चालू राहील, एवढंच विचारलं. त्याचं उत्तर मी आधी काढून ठेवलं होतं, मुलाच्या आईला काही आजार होता हे मला माहीत होतं म्हणून. त्या दिवशी मी त्यांना दुसरं काही देऊ शकत नव्हते.

या कामाची सवय झाली का, असं मला कुणी विचारलं तर नाही झाली. अजूनही आदल्या रात्री झोप लागत नाही. अजूनही कागदावर वाक्यं लिहिते आणि अजूनही पहिल्या खर्ड्यात चार-पाच ‘जरा’ निघतात.

आपल्या वर्गात आज डॉक्टर आहेत, एसटीत आहेत, जिल्हा बँकेत आहेत, शाळेत आहेत, शेती आणि दुकान सांभाळणारे आहेत. यातल्या प्रत्येकाला येत्या महिन्या-दोन महिन्यांत कुणालातरी काहीतरी सांगायचं असणार. पेशंटच्या मुलाला, डेपो मॅनेजरला, कर्जदाराला, नाहीतर घरातल्याच भावाला. जेवणं व्हायची आहेत आणि मागून मसालेभाताचा वास येतोय, तेव्हा मी आटोपते. पंगतीत माझ्या शेजारी जागा ठेवा. पर्समध्ये कागद आणि दोन पेनं आहेत. आपण वाक्यं लिहून काढू.